पेशीकेंद्रकाला क्रमांक कशासाठी?

प्रश्न: माझी मुलगी पुण्यात बायोटेक्नॉलॉजीत एम.एस्सी. करते. तिच्या प्रकल्पात एक तक्ता पाहिला. पेशीकेंद्रक, तंतुकणिका, पेशीविभाजन असे इंग्रजी शब्द आणि प्रत्येकापुढे सात आकडी क्रमांक. विचारलं तर म्हणाली, "बाबा, या जीओ टर्म्स आहेत, सगळं जग वापरतं." माझी सारी नोकरी शाळेत जीवशास्त्र शिकवण्यात गेली. पेशीकेंद्रक म्हटलं की पाचवीतल्या पोरालाही कळतं. त्याला क्रमांक देण्याची गरज कुणाला पडली? — एक निवृत्त शिक्षक, सातारा

उत्तर: सर, आधी एक खुलासा. हे जीओ म्हणजे जीन ऑन्टॉलॉजी. सिमकार्डाशी त्याचा संबंध नाही. काही प्रयोगशाळांत त्याला नुसतं 'गो'ही म्हणतात.

तुम्ही उदाहरणाला शब्द मात्र भांडण नसलेला निवडलात. तंतुकणिकेचं बघा. १८९० मध्ये रिचर्ड आल्टमान तिला 'बायोब्लास्ट' म्हणाले, १८९८ मध्ये कार्ल बेंडांनी 'मायटोकॉन्ड्रिया' हे नाव दिलं, आणि त्या काळात ज्याने ज्याने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला त्याने आपापलं बारसं उरकून घेतलं. 'काँड्रिओसोम' हे नाव तर विसाव्या शतकात बराच काळ चाललं. बेंडांचं नाव सर्वमान्य व्हायला काही दशकं गेली, पण त्याने कुणाचं फारसं बिघडलं नाही. वाचणारी माणसं होती, नावं बदलली तरी ती चित्र पाहून ओळखत होती.

१९९० च्या दशकात वाचणाऱ्यांत संगणक आला आणि हा सैलपणा परवडेनासा झाला. १९९६ मध्ये यीस्टचा संपूर्ण जनुकसंच वाचून झाला, त्यात सुमारे ६,००० जनुकं. १९९८ च्या अखेरीस सी. एलिगन्स नावाच्या सूत्रकृमीचा झाला, २००० मध्ये फळमाशीचा. माणसाचा वाटेवर होता. प्रत्येक जीवाच्या अभ्यासकांचा स्वतंत्र डेटाबेस, आणि त्यात 'हे जनुक काय करतं' हे ज्याच्या त्याच्या बोलीत लिहिलेलं. एकाने 'प्रथिननिर्मिती' लिहिलं, दुसऱ्याने 'भाषांतर', तिसऱ्याने 'रायबोसोमचं काम'. तिघांना म्हणायचं एकच होतं. संगणकाच्या लेखी मात्र ती तीन वेगळी कामं.

जनुकांच्या नावांवरून अंदाज बांधावा, तर तिथे आणखी मौज. फळमाशीवाल्यांची रीत अशी की जनुक बिघडल्यावर जे दिसतं त्यावरून नाव ठेवायचं. थॉमस हंट मॉर्गन यांना १९१० मध्ये पांढऱ्या डोळ्यांची माशी सापडली, म्हणून त्या जनुकाचं नाव 'व्हाइट'. प्रत्यक्षात ते धड असेल तर डोळा लाल होतो. 'आयलेस' म्हणजे नेत्रहीन नावाचं जनुक तर डोळा घडवण्याच्या कामाचं. १९९५ मध्ये बाझेलच्या वॉल्टर गेरिंग यांच्या प्रयोगशाळेत हे जनुक माशीच्या पायावर, पंखावर, स्पर्शिकेवर चालू केलं, तर तिथे डोळे उगवले! उंदराचं तेच जनुक माशीत घातलं तरी माशीचेच डोळे आले. उंदरांचे अभ्यासक त्याला 'स्मॉल आय' आणि पुढे 'पॅक्स-६' म्हणत होते, आणि माणसात ते 'अ‍ॅनिरिडिया' या नेत्रविकारातून कळलं होतं. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या एकाच पूर्वजाकडून आलेलं एक जनुक आणि नावं ही अशी.

यात खरी अडवणूक होती ती ज्ञानाची. एका जीवात कळलेली गोष्ट दुसऱ्याच्या उपयोगी पडते, हे तोवर सिद्ध झालं होतं. १९८७ मध्ये पॉल नर्स आणि मेलनी ली यांनी पेशीविभाजन अडलेल्या यीस्टमध्ये मानवी जनुकांचे तुकडे सोडले. त्यातल्या एका मानवी जनुकाने यीस्टचं अडलेलं काम चालू केलं. त्या जातीच्या यीस्टमध्ये हे जनुक 'सीडीसी-२', बेकरीतल्या यीस्टमध्ये 'सीडीसी-२८', माणसात आज 'सीडीके-१'. २००१ चं नोबेल नर्स यांना मिळालं ते मुख्यतः याच विषयातल्या कामासाठी, लीलंड हार्टवेल आणि टिम हंट यांच्या जोडीने. पण नर्स यांच्या गटाला हा एक दुवा शोधायला केवढे कष्ट पडले! आता हजारो जनुकांचे दुवे जोडायचे होते, आणि त्यासाठी प्रत्येक डेटाबेसने सारख्याच शब्दांत बोलणं भाग होतं.

१९९८ मध्ये तीन गट एकत्र आले. फळमाशीचा फ्लायबेस, स्टॅनफर्डचा यीस्टचा डेटाबेस आणि अमेरिकेतल्या जॅक्सन लॅबोरेटरीचा उंदराचा. यात पुढाकार होता केंब्रिजचे आनुवंशिकीतज्ज्ञ मायकल अ‍ॅशबर्नर यांचा. ते २०२३ मध्ये गेले. सोबत जुडिथ ब्लेक, मायकल चेरी, सुझॅना लुईस ही मंडळी. मे २००० मध्ये 'नेचर जेनेटिक्स'मध्ये त्यांचा लेख आला आणि जीओ जगजाहीर झालं. अशी वर्गवारी त्याआधी झालीच नव्हती असं नाही. विकरांना क्रमांक देणारा आंतरराष्ट्रीय आयोग १९५६ मध्येच नेमला गेला होता, ई. कोलाय या जिवाणूच्या जनुकांची कामं मोनिका रायली यांनी १९९३ मध्ये वर्गवार लावली होती. पण एक विकरांपुरती होती, दुसरी एका जिवाणूपुरती.

जीओची शब्दसूची म्हणून जी स्तुती होते ती मला थोडी चुकीच्या जागी वाटते. माझ्या मते या मंडळींचं डोकं दिसतं ते प्रश्न फोडण्यात. 'हे जनुक काय करतं?' हा एक प्रश्न नाहीच, ते तीन आहेत, असं त्यांनी ठरवलं. जनुकापासून बनलेलं प्रथिन रेणू म्हणून नेमकं कोणतं काम करतं? ते काम पेशीच्या कोणत्या मोठ्या प्रक्रियेत मोडतं? आणि ते पेशीत कुठे घडतं? रेण्वीय कार्य, जैविक प्रक्रिया, पेशीघटक अशा तीन स्वतंत्र शाखा.

हे फोडणं किती गरजेचं होतं ते सायटोक्रोम-सी या प्रथिनावरून कळतं. तंतुकणिकेच्या दोन पटलांमधल्या पोकळीत हे असतं आणि इलेक्ट्रॉन इकडून तिकडे नेतं. अन्नातली ऊर्जा पेशीच्या कामी येते ती या वाहतुकीमुळे. म्हणजे हे जगवणारं प्रथिन. आणि १९९६ मध्ये शाओदोंग वांग यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं की हेच प्रथिन तंतुकणिकेतून बाहेर गळालं की पेशीच्या आत्मनाशाची साखळी सुरू होते. म्हणजे मारणारंही. 'सायटोक्रोम-सी काय करतं' याला एका ओळीत उत्तर द्यायला गेलं तर एक बाजू हमखास सांडते. तीन रकाने केले की दोन्ही प्रक्रिया आपापल्या जागी लिहिता येतात, दोन्ही ठिकाणंही लिहिता येतात, आणि एक नोंद दुसरीला खोटं पाडत नाही.

आता तुमचा क्रमांक. पेशीकेंद्रक ०००५६३४, तंतुकणिका ०००५७३९, पेशीचा आत्मनाश ०००६९१५. या आकड्यांना स्वतःचा काही अर्थ नाही, आणि तो मुद्दामच ठेवलेला नाही. गावात एखाद्या शेताला कुणी माळ म्हणतं, कुणी खालचं वावर म्हणतं, पण तलाठ्याच्या दप्तरात गट नंबर, तसंच हे. क्रमांक चिकटलेला असतो व्याख्येला. उद्या एखाद्या प्रक्रियेचं जास्त चांगलं नाव सुचलं तर नाव बदलतं आणि क्रमांक तोच राहतो, जुनी नावं समानार्थी म्हणून खाली लिहिली जातात. व्याख्याच चुकीची निघाली तर संज्ञा 'बाद' असा शिक्का मारून तशीच ठेवतात. तिचा क्रमांक पुन्हा दुसऱ्या कुणाला मिळत नाही, म्हणजे वीस वर्षांपूर्वीचा शोधनिबंध आज वाचला तरी त्यातला आकडा भलतीकडे नेत नाही. व्याख्येवर इतका भर असण्याचं कारण उघड आहे. इंग्रजीत झाडाची कळी, हिरडीतला दाताचा अंकुर आणि यीस्टच्या पेशीला फुटणारा फुगवटा या तिन्हींना एकच शब्द आहे. शब्दावर विसंबून शोध घेणाऱ्या संगणकाने यीस्टची जनुकं दातांच्या डॉक्टरकडे पाठवली असती.

या चाळीसेक हजार संज्ञा अकारविल्हे मांडलेल्या नाहीत, एकमेकींना जोडलेल्या आहेत. 'हा त्याचा एक प्रकार', 'हा त्याचा भाग', 'हा त्याचं नियंत्रण करतो' अशी नाती. वंशवृक्षापेक्षा हे जाळं वेगळं आहे, कारण इथे एका संज्ञेला एकाहून जास्त पालक असू शकतात. षट्कार्बनी साखर तयार होणं हा त्या साखरेच्या चयापचयाचाही प्रकार आहे आणि साध्या शर्करा तयार होण्याचाही. 'प्रकार' आणि 'भाग' या नात्यांत खालच्या संज्ञेवर नोंद झाली की ती वरच्या सगळ्यांना आपोआप लागू होते. म्हणून तंतुकणिकेच्या आतल्या पटलावर सापडलेलं प्रथिन 'तंतुकणिका' असं शोधलं तरी हाती लागतं.

तुमच्यासारख्या शिक्षकाला आवडेल अशी एक गोष्ट अजून सांगतो. या एवढ्या पसाऱ्यात 'कर्करोग होणं' अशी प्रक्रिया नाही. विसरलेली नाही, वगळलेली आहे. जनुकाचं नेहमीचं, निरोगी पेशीतलं काम तेवढं नोंदवायचं हा नियम, आणि कर्करोग करणं हे कुठल्याच जनुकाचं नेमून दिलेलं काम नव्हे. वर्तमानपत्रांत बीआरसीए-१ ला सर्रास 'स्तनाच्या कर्करोगाचं जनुक' म्हणतात. जीओत पाहाल तर त्याच्यापुढे डीएनएचे तुटलेले धागे सांधण्याचं काम लिहिलेलं दिसेल. ते बिघडलं की सांधणं थांबतं आणि मग पुढचं अरिष्ट. नाव रोगावरून ठेवायचं की कामावरून, हा माशीच्या पांढऱ्या डोळ्यांचाच वाद, आणि मला यात जीओची बाजू पटते. रोगांसाठी वेगळ्या शब्दसूची आहेत, त्या तिथे शोभतात.

प्रश्न: अशा नोंदी कोण करतं? आणि कुणी काहीही लिहिलं तर? — एक वाचक, अमरावती

उत्तर: करतात ते क्युरेटर. बहुतेकजण जीवशास्त्रात पीएच.डी. झालेले, आणि दिवसभराचा उद्योग इतरांचे शोधनिबंध वाचून त्यातून 'कोणतं प्रथिन, कोणती संज्ञा, कशाच्या आधारे' एवढं काढण्याचा. नोबेलच्या यादीत यांची नावं येत नाहीत. पण आज रोगाच्या संशोधनात जनुकांची यादी समोर आली की पहिल्या तासाभरात जे कळतं, ते यांच्या वाचनातून आलेलं असतं.

'कशाच्या आधारे' हा रकाना भरल्याशिवाय नोंद होतच नाही. थेट प्रयोग करून पाहिलं असेल तर 'आयडीए', जनुक बिघडवून परिणाम पाहिला असेल तर 'आयएमपी', अशी अक्षरं असतात, सोबत मूळ निबंधाचा दाखला. 'आयईए' दिसलं की सावध व्हावं. त्याचा अर्थ नोंद संगणकाने साधर्म्यावरून केली, माणसाने ती एकेक करून तपासलेली नाही. सर्व जीवांच्या नोंदी एकत्र धरल्या तर बहुसंख्य याच प्रकारच्या आहेत, कारण लाखो जीवांच्या जनुकांसाठी प्रयोग कोण करत बसणार? त्या टाकाऊ नाहीत, पण प्रयोगाच्या तोडीच्याही नाहीत.

मला सगळ्यात प्रामाणिक वाटतो तो 'एनडी' हा शेरा. क्युरेटरने उपलब्ध साहित्य शोधलं आणि काहीच माहिती मिळाली नाही, असा त्याचा अर्थ. कोऱ्या रकान्याहून हे वेगळं आहे. कोऱ्या रकान्यात कुणी पाहिलंच नसेल अशीही शक्यता असते. 'हे प्रथिन अमुक काम करत नाही' असं प्रयोगाने दिसलं तर तेही नकाराच्या खुणेसह लिहिता येतं.

आपल्याकडे याच जातीचा एक मोठा प्रयत्न झाला. क्षयरोगाच्या जिवाणूचा जनुकसंच १९९८ मध्ये वाचून झाला, त्यात सुमारे ४,००० जनुकं. सीएसआयआरच्या 'ओपन सोर्स ड्रग डिस्कव्हरी' प्रकल्पाने २०१० च्या सुमारास 'कनेक्ट टू डीकोड' नावाने देशभरच्या शेकडो विद्यार्थ्यांना हाताशी धरलं आणि त्या जनुकांबद्दल निबंधांतून विखुरलेली माहिती वाचून, निवडून एकत्र करवली. एका प्रयोगशाळेच्या आवाक्याबाहेरचं वाचन होतं ते. आमच्याकडे वाचन म्हणजे संशोधन नव्हे असा एक गैरसमज रुजलेला आहे, त्याला हे परस्पर उत्तर.

प्रश्न: माझ्या प्रयोगात औषध दिल्यावर २०० जनुकांचं काम वाढलं. जीओ अ‍ॅनालिसिस केलं तर 'रोगप्रतिकार' सगळ्यात वर आलं. औषधाने रोगप्रतिकारशक्ती वाढते असं प्रबंधात लिहू का? — एक विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर: एवढ्यावर नको.

हिशेब काय होतो ते आधी पाहा. समजा माणसाची २०,००० जनुकं धरली आणि त्यातली ४०० एखाद्या प्रक्रियेत नोंदलेली आहेत, म्हणजे शंभरात दोन. तुमच्या २०० मध्ये अशी चारेक योगायोगानेही निघतील. तीस निघाली तर त्यामागे काहीतरी असावं. संगणक हे गणित हजारो संज्ञांसाठी करतो आणि इतक्या वेळा फासे टाकले की काही दानं उगाचच चांगली पडणार, म्हणून त्याची दुरुस्तीही करावी लागते. ती केली आहे ना, हे प्रथम बघा.

दुसरं, तुलना कशाशी केलीत? प्रयोग पांढऱ्या रक्तपेशींवर असेल आणि तुलना सगळ्या २०,००० जनुकांशी, तर 'रोगप्रतिकार' वर येणारच. त्या पेशींचा तो धंदाच आहे. औषध न देताही आलं असतं. त्या पेशींत मुळात जी जनुकं चालू असतात तेवढ्यांशीच तुलना करा आणि काय उरतं ते पाहा. ही चूक छापून आलेल्या निबंधांतही आढळते, त्यामुळे मार्गदर्शकांनी 'सगळे असंच करतात' म्हटलं तर नम्रपणे वाद घाला.

तिसरं असं की हे जाळं विणलं गेलं ते लोकांनी अभ्यास केला त्यातून. टीपी-५३ सारख्या जनुकावर हजारो निबंध आहेत, साहजिकच त्याच्यापुढे नोंदींची रांग. त्याच वेळी माणसाच्या कित्येक जनुकांपुढे जेमतेम दोन ओळी. तुमच्या यादीतली जी जनुकं अनोळखी आहेत ती हिशेबात गप्प बसतात. औषधाचा खरा परिणाम कदाचित त्यांच्यातच असेल. तेव्हा 'वाढलेल्या जनुकांत रोगप्रतिकाराशी संबंधित नोंदी अपेक्षेपेक्षा जास्त आढळल्या' असं लिहा, जीओची कोणत्या तारखेची आवृत्ती वापरली ते लिहा, कारण नव्या आवृत्त्या सतत निघतात आणि पाच वर्षांपूर्वीच्या फाइलवर काढलेला निष्कर्ष आज तसाच येईल असं नाही. रोगप्रतिकारशक्ती वाढली का, हे पेशींवर किंवा प्राण्यांत मोजून दाखवावं लागेल.

आणि जनुकांची यादी एक्सेलमध्ये ठेवली असेल तर आत्ता उघडून तपासा. 'मार्च-१' आणि 'सेप्ट-२' नावांच्या जनुकांच्या तो तारखा करून टाकायचा. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत जनुकांच्या एक्सेल याद्या जोडलेल्या निबंधांपैकी सुमारे पाचव्या हिश्श्यात असली गडबड सापडली. शेवटी २०२० मध्ये मानवी जनुकांना नावं देणाऱ्या समितीने हात टेकले आणि जनुकांचीच नावं बदलली. ती आता 'मार्चएफ-१' आणि 'सेप्टिन-२' झाली आहेत. सॉफ्टवेअरमध्ये ही करामत बंद करण्याची सोय त्यानंतर, २०२३ मध्ये आली.

प्रश्न: हे सगळं सामान्य माणसाला घरी बसून पाहता येतं का? पैसे पडतात का? — एक वाचक, मडगाव

उत्तर: पैसे पडत नाहीत, नावनोंदणीही लागत नाही. मूळ मंडळींनी पहिल्यापासून सगळं खुलं ठेवलं. 'अमिगो' किंवा 'क्विकगो' या संकेतस्थळांवर जा, शोधाच्या चौकटीत इन्सुलिन लिहा आणि 'माणूस' हा जीव निवडा. मजकूर इंग्रजी आहे, पण वाक्यं छोटी असतात. संज्ञा वाचून झाल्या की पुराव्याच्या अक्षरांकडे जरूर बघा, आणि 'आयडीए' दिसेल तिथल्या दाखल्यावर टिचकी मारा. मूळ निबंधाचा सारांश उघडेल.